खरा पत्ता

वेबसाइट बनवायचा एक तयार सांगाडा थोरली आणि तिचे सोबती सांभाळत. तो कुणीही फुकट वापरावा, कुणीही त्यात सुधारणा पाठवावी. त्यात नकाशाची सोय घालायचं ठरलं, तेव्हा एक अनोळखी गडी आपणहून पुढे आला. सगळे त्याला 'उत्साही' म्हणू लागले.

काम झकास होतं. पत्ता टाकला की नकाशावर नेमक्या दारावर ठिपका उमटे. मग त्याचा निरोप आला, "चाचणीसाठी आपल्या सांगाड्यावर चालणारी ती शिवणकामाची साइट घेऊ या. फक्त खरा पत्ता द्या."

थोरलीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. ती साइट तिच्या धाकट्या बहिणीची. नवऱ्याच्या माराला कंटाळून धाकटी तिच्याकडे लपून राहत होती. साइटवर तिचं नाव नव्हतं, पण तिच्या हातची नक्षी नवऱ्यानं झोपेतही ओळखली असती.

"दुधानं तोंड पोळलंय म्हणून ताकही फुंकतेस," शेजारच्या टेबलावरचा मिशाळ म्हणाला.

"फुंकू दे की."

तिनं ऑफिससमोरच्या बंद छापखान्याचा पत्ता पाठवला. उत्साहीनं आभार मानले. त्यात खटकण्यासारखं काहीच नव्हतं, आणि तिला आपलीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी ती खिडकीशी चहा घेऊन उभी होती. समोर धाकटीचा नवरा छापखान्याचं कुलूप हिसडत होता. मध्येच मोबाइलमध्ये बघे, पुन्हा दाराकडे. तिनं मिशाळला हाक मारली. मिशाळनं गुपचूप त्याचे फोटो काढले आणि तिनं ते लगेच धाकटीच्या वकीलबाईंना पाठवले.

उत्साहीला तिनं जाब विचारला. "मित्र म्हणाला, बायको रुसून गेलीय," त्यानं लिहिलं. "मला वाटलं, संसार जुळेल."

"कुणाच्या जिवावर?" एवढंच लिहून तिनं त्याला प्रकल्पातून काढलं. नकाशाची सोय तिनं स्वतः नव्याने लिहिली. आता मालकानं मुद्दाम सांगितल्याशिवाय नकाशावर दार दिसत नाही, नुसता परिसर दिसतो.

घरी तिनं धाकटीला सगळं सांगितलं.

"म्हणजे तो शोधतोच आहे," ती म्हणाली, आणि शिलाई मशीन खिडकीपासून आत ओढू लागली. थोरलीनं दुसरी बाजू धरली.