तिसऱ्या कादंबरीची नायिका

मोहाचं फूल जमिनीवरून उचलून पाहिलं, की बुडाशी एक बारीक भोक दिसतं. स्त्रीकेसर फांदीवरच राहतो. रसाळ, पिवळट नळी तेवढी पहाटे आपसूक गळते. म्हणून मोह कुणी तोडत नाही, वेचतात. रंजीताने असंच एक फूल वाचनालयासमोरच्या झाडाखालून उचललं, कादंबरीत खूण म्हणून ठेवलं आणि आत येऊन बसली.

"डाग पडल ना पुस्तकाले!" वाचनालय सांभाळणाऱ्या जैनबबाई ओरडल्या.

"पडू द्या, बाई. त्या पानाची जरा सुधारणा होईल."

आलापल्लीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारी रंजीता एरवी फार बोलत नसे. पण मुलींसाठी कोणत्या किशोर-कादंबऱ्या घ्याव्यात, हे जैनबबाईंनी तिलाच विचारलं होतं. पहिलीतल्या नायिकेचे डोळे मनःस्थितीप्रमाणे रंग बदलत. डॉक्टरकडे नेण्याऐवजी अख्खं कॉलेज तिच्या प्रेमात पडत होतं. दुसरीत ताडोब्याची वाघीण एका पोरासमोर मान झुकवत होती, कारण त्याचं मन शुद्ध होतं. तिथल्या मोहर्ली गेटवरच्या गाईडांनी हे वाचलं, तर आधी लेखकालाच जिप्सीतून खाली उतरवतील, मन तपासायला.

तिसरी दिनेशची होती.

चामोर्शीच्या दिनेशने दिवाळीत तिला लग्नाचं विचारलं होतं. ती "पाहू" म्हणाली होती. त्याच सुमारास बंगळूरच्या प्रयोगशाळेने तिला संशोधनाची जागा देऊ केली होती. त्यांना तिने "कळवते" म्हटलं होतं. दोघांकडच्या आयांनी मात्र शालूचा रंगही ठरवून टाकला होता.

दिनेश आला तो हसतच. "वाचली? खरंखरं सांग. मले राग नाई येत."

राग येणारा प्रत्येक लेखक आधी हेच सांगतो.

"तुझी गौरी संध्याकाळी फांदी वाकवून मोहाची फुलं तोडते. अन् केसात माळते."

"आवडलं?"

"केसात?" जैनबबाई मध्येच म्हणाल्या. "मुंग्या लागतीन ना पोरीले!"

"दिनेश, तुझी आई पहाटे टोपली घेऊन जाते. तुले मालूम नाई का मोह कसा पडते?"

"मालूम आहे ना. पण पुण्याच्या संपादक बाई म्हणाल्या, खाली वाकून वेचणारी नायिका मुखपृष्ठावर चांगली नाई दिसत."

रंजीताने मान हलवली. अज्ञान असतं, तर तिने माफ केलं असतं.

"अन् शेवट?" त्याने आवाज खाली आणला. शेवटी शास्त्रज्ञ गौरी दूरच्या शहरात नोकरीला निघते, बसस्टँडवर नायकाला पाहते आणि नेमणूकपत्र फाडून परत येते. नायक काही करत नाही. नुसता उभा असतो. "गौरी कोण, ओळखलं?"

"चष्म्यावरून ओळखलं. ती कागद काऊन फाडते?"

"त्याच्यासाठी! पोरीचं मन असंच असते."

"तो काऊन नाई जात तिच्यासंग?"

दिनेशने प्रामाणिकपणे विचार केला. "त्याची नोकरी आहे ना इथी."

"अन् तिची?"

"ती..." तो अडखळला. "ती तर नायिका आहे."

जैनबबाईंनी तोंडाला पदर लावला, पण खांदे हलायचे ते हललेच.

"हसा," दिनेश म्हणाला. "मले वाटलं, हे वाचून तू हो म्हणशीन. म्हणून तर लिहिलं."

मोह कसा पडतो ते ठाऊक असून याने फांदी वाकवली होती. रंजीताला बंगळूरला जायचंय, हेही याला ठाऊक होतं. तिने पानातलं चिकट फूल काढलं, डाग निरखून पाहिला आणि पुस्तक त्याच्याकडे सरकवलं.

"दिनेश, मी बंगळूरले जाऊन राह्यली. अन् तुह्याशी लग्न नाई करत."