स्पष्ट उच्चार

दुधाचा पेला दोन्ही हातांनी सांभाळत नागोराव दवाखान्याचा जिना चढले. पेल्याच्या तळाशी सलोनीचा पुढचा दात होता. पंधरा वर्षांची सलोनी तोंडावर टॉवेल दाबून त्यांच्या पुढे चालत होती.

कोथरूडच्या शाळेत नागोराव अठरा वर्षं मुलींना कबड्डी शिकवत होते. आज सरावात चढाई करताना पकड करणारीचा गुडघा सलोनीच्या तोंडावर बसला.

डॉक्टर हेमांनी दात जागेवर बसवून शेजारच्या दातांना तारेनं बांधला.

"टिकेलच असं नाही," त्या म्हणाल्या. "पण खेळताना दातांवर घालायला मी हिला मापाचं माउथगार्ड करून दिलं होतं. कुठंय ते?"

ते नागोरावांच्या खिशात होतं. "काढ ते आधी," तासाभरापूर्वी ते मैदानावर ओरडले होते. "कबड्डी कबड्डी म्हणतेयस की गोळी चघळतेयस? पंच बाद देतील." बाकीच्या मुली हसल्या होत्या. सलोनीनं गार्ड काढून, पुसून त्यांच्या हातात दिलं होतं.

एवढ्यात तिची आई, भाग्यश्री, खराडीच्या ऑफिसातून धावतपळत आली. हातात अजून हेल्मेट होतं. तिनंही गार्ड कुठंय, हेच विचारलं.

"घरी विसरले," सुजलेल्या ओठांतून सलोनी म्हणाली.

"शंभरदा बजावलं होतं ना?" भाग्यश्रीचा आवाज चढला, मग ती नागोरावांकडे वळली. "सर, तुम्ही होतात म्हणून दात तरी हाती लागला."

"अहो, त्यात काय," नागोराव म्हणाले.

भाग्यश्री औषधं आणायला खाली गेली, डॉक्टर आतल्या खोलीत. नागोराव सलोनीच्या खुर्चीजवळ सरकले.

"माझ्यासाठी खोटं बोललीस, पोरी."

"तुमच्यासाठी नाही." सलोनी छताकडे बघत होती. "आईनं शाळेत तक्रार केली असती. स्वरालीच्या बाबांनी केली, तेव्हा तिला तुम्ही वर्षभर बाकावर बसवलंत."

"तसं नव्हतं ते..." त्यांनी सुरुवात केली. पण तसंच होतं.

भाग्यश्री गोळ्या घेऊन परतली. "सर, आता हिचं नाव काढणार का हो संघातून? फार जीव आहे तिचा खेळावर."

सगळं सांगून टाकायला ही वेळ होती. सलोनी टक लावून त्यांच्याकडे बघत होती.

"छे, छे," नागोराव म्हणाले. "नाव राहील."

सलोनीनं डोळे मिटून घेतले.