तिसरा दोष

माझे बाबा, गुरुदास ड्रायव्हर, गाडीवर कधी आळ घेत नसत. मालवणचे बांगडे बर्फात घालून, फोंडाघाट चढून टेम्पोने कोल्हापूरला न्यायचे, पंचवीस वर्षं हेच. कुणी ड्रायव्हर ब्रेक लागला नाही म्हणून रडगाणं गाऊ लागला की त्याला तिथल्या तिथे तोडत. "गाडी कधी खोटी नसता, मेल्या. खोटो डायवर असता."

असा माणूस २००४ च्या दिवाळीत माझ्या कॉम्प्युटरसमोर बसला. मी तेव्हा कॉलेजात होते. मामाने मुंबईहून त्याचा जुना कॉम्प्युटर पाठवला होता आणि मी कणकवलीहून रस्त्यावरच्या शर्यतीच्या खेळाची सीडी आणली होती. अमेरिकेतलं शहर, रात्रीचा झगमगाट, चकचकीत गाड्या. बाबांनी आधी स्क्रीनला हात जोडले, घाट चढण्याआधी जोडायचे तसेच. मग पहिल्याच वळणावर विचारलं, "गो संजना, हॉर्न खंय आसा?"

हॉर्न नव्हताच. मी हसून लोळले. ते मात्र प्रत्येक वळणाला तोंडाने "पों" करत राहिले.

मग रोजचंच झालं. फेरीहून आले की जेवायचं, झोपायचं आणि उठून गाडी पळवायची. "ह्या वयात ह्ये काय चाळे!" म्हणत आई चहा आणून ठेवायची. आई बोलायची, पण दाराशी उभी राहून शर्यतही बघायची.

जानेवारीत एका कॉम्प्युटरच्या मासिकाने स्पर्धा लावली: आवडत्या खेळाचे गुणदोष लिहून पाठवा. मला वाटलं, पंचवीस वर्षं घाटात गाडी चालवलेला परीक्षक आणखी कुणाच्या घरात असणार? मी वही घेऊन बसले.

"लिव," बाबा म्हणाले. "गुण पयलो. वळणार गाडी कशी दबता, ता बरोबर दाखयलानी. दुसरो. आपटल्यार गाडी परत उभी रवता, कोणाची बायल रडणा नाय."

"आणि दोष?"

"पयलो, हॉर्न नाय. दुसरो, रस्त्यार माणूस नाय, गुरां-ढोरां नाय. असल्या रस्त्यार कोण काय शिकतलो?" मग म्हणाले, "तिसरो. समोरच्यो गाडये डावीकडसून एकदम आंगार येतत. आदी दिसनतच नाय."

त्यावर मी शहाणपण पाजळलं. तिकडे उजव्या बाजूने गाडी चालवतात, म्हणून समोरच्या गाड्या डावीकडून येतात, तुम्हांला आपल्या रस्त्याची सवय. बाबांना पटलं. दर शर्यतीत चार वेळा आपटायचे आणि "गोऱ्याचो रस्तोच उलटो!" म्हणून हसायचे. मीही हसायचे. तरी त्यांचा शब्द म्हणून तिसरा दोष मी छान सजवून लिहिला: 'समोरील वाहने डावीकडून पूर्वसूचनेशिवाय प्रकट होतात.' आयुष्यात एकदाच बाबांनी गाडीवर आळ घेतला होता. तो मी सुवाच्य अक्षरात लिहून पोस्टात टाकला.

एप्रिलमध्ये एका दुपारी मी फणसाचे गरे घेऊन त्यांच्याजवळ उभी होते. स्क्रीनवर डावीकडून एक पांढरी गाडी येत होती. लांबून, दोन्ही दिवे लावून, चांगली दिसत होती. बाबा आता वळवतील, आता वळवतील, म्हणून मी बघत राहिले. ते सरळ गेले आणि तिच्यावर आदळले.

"बघ! खंयसून इली ती?"

मी बशी खाली ठेवली. मी म्हटलं, "बाबा, नजर समोर ठेवा, हलवू नका." आणि माझा हात त्यांच्या डाव्या कानामागून हळूहळू पुढे आणला. कानाजवळ आला, गालाजवळ आला.

"माझा हात दिसतो?"

"खंयचो हात?"

हात जवळजवळ नाकासमोर आला तेव्हा ते दचकले.

कोल्हापूरच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. डावा डोळा जवळजवळ गेला होता, उजव्याचीही नाकाकडची बाजू जाऊ लागली होती. आपल्या रस्त्यावर समोरची गाडी उजवीकडून येते, म्हणून इतके दिवस निभावलं. "साहेब, मी पंचवीस वर्षं घाटातून जातो," बाबा एकदम शुद्ध मराठीत, हात बांधून बोलले. डॉक्टर म्हणाले, "गेलेली नजर परत येत नाही. उरलेली वाचवू. काही महिने आधी आला असता, तर बरीच वाचली असती. गाडी आजपासून बंद."

काही महिने. ते मी हसण्यात घालवले. देवाने खुणेची गाडी घरात पाठवली होती, दर शर्यतीत चार वेळा आदळत होती, आणि मी उलट्या रस्त्याची अक्कल शिकवत होते. स्वतःला किती शिव्या घातल्या तरी ते भरून येत नाही.

टेम्पो बाबलीकाकाने नेला, बाबांच्याच जोडीदाराने. तो निघायच्या आधी बाबांनी टेम्पोचं डावं चाक हाताने चाचपून पाहिलं आणि ते आत गेले.

आणि मे महिन्यात मासिक आलं. बक्षीस मलाच! मी अंक पलंगाखाली सारला, पण आईने तोवर बाबांना सांगून टाकलं होतं.

"वाच," बाबा म्हणाले.

मी गुण वाचले. कुणाची बायको रडत नाही, हे वाक्य आलं तेव्हा आई उठून आत गेली. पहिला दोष वाचला, दुसरा वाचला आणि अंक मिटला.

"तिसरो?"

"नाही छापला."

"खोटा बोला नको, बाय. वाच."

मी वाचला. माझंच ते सजवलेलं वाक्य होतं. 'प्रकट होतात' हे शब्द तोंडातून निघेनात, दोनदा अडखळले आणि रडू फुटलं.

बाबांनी मला रडू दिलं. मग म्हणाले, "तेंका कागद लिव. तिसरो दोष खोडूक सांग."

"कशाला, बाबा? आता काय त्याचं?"

"खेळाचो नाय तो, माझो. गाडीर खोटो आळ नको."

मी वही घेतली. बाबा माझ्या उजवीकडे बसले होते. ते उठले आणि चाचपडत माझ्या डावीकडे येऊन बसले, मी लिहिताना त्यांना दिसावी म्हणून.