डबीतली हाक

वडिलांच्या घशाचं ऑपरेशन ठरलं, तेव्हाच डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की जीव वाचेल, पण आवाज जाईल. मग घरातल्या धाकटीने, म्हणजे ठकीने, ऑपरेशनआधी बाबांना समोर बसवून त्यांची रोजची वाक्यं रेकॉर्ड करून घेतली. ‘दार कोणी उघडं टाकलं’, ‘ठके, जेवलीस का’, आणि सगळ्यांत आधी आईला मारायची हाक: ‘अगं, ऐकलंस का?’

यंत्रांच्या पोटातले मायक्रोकंट्रोलर, म्हणजे ती यंत्रं चालवणाऱ्या छोट्या चिप, चालते करणं ही ठकीची नोकरीच. तिने साबणाच्या वडीएवढी एक डबी बनवली. प्रत्येक वाक्याला एक बटण, ते दाबलं की बाबांचा आवाज; एरवी बॅटरी वाचावी म्हणून डबी गाढ झोपलेली.

पण ऑपरेशन होऊन बाबा घरी आले, त्या पहिल्याच दिवशी घोळ झाला. बाबांनी बटण दाबलं, तर ‘अगं’ जाडाभरडा, ओढून काढल्यासारखा निघाला. पुढचं ‘ऐकलंस का’ मात्र त्यांचंच. आई बाहेर येऊन म्हणाली, “हा कोण परका माणूस घरात घेतलात?” बाबांनी डबी कपाटात टाकली आणि ते टाळी वाजवून बोलावू लागले. आई यायची, पण टाळीला कधी ओ देत नसे.

ठकीने डबी ऑफिसात नेऊन उघडली. रेकॉर्ड केलेला आवाज घड्याळासारख्या ज्या ठोक्यावर चालतो, तो ठोका दोन ठिकाणांहून घेता येत होता. चिपच्या आतला लगेच सुरू होई, पण थोडा चुके. बाहेर जोडलेला क्वार्ट्झचा स्फटिक अचूक, पण झोपेतून उठला की स्थिरावायला वेळ घेई. ठकीचा प्रोग्राम तेवढा दम न धरताच बोलायला लागत होता, म्हणून सुरुवातीचा ‘अगं’ बिघडे. तिने त्याला थांबायला लावलं, तर हाक इतकी रेंगाळली की माणूस पुन्हा बटण दाबणार हे उघड होतं. मग सगळं आतल्या ठोक्यावरच चालवून पाहिलं. आवाज जवळजवळ बाबांचा आला. तिने डबी कानाला लावून तो पुन्हा पुन्हा ऐकला, आणि ‘जवळजवळच’ असं पुटपुटत तो प्रोग्राम पुसून टाकला.

शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, “एवढा फरक कोणाला कळणार आहे?”

“आईला,” ती म्हणाली.

शेवटी तिने ठरवलं की डबी झोपली तरी स्फटिक जागाच ठेवायचा. बॅटरी लवकर उतरणार होती. उतरू दे.

सुट्टीच्या दिवशी सकाळी तिने डबी बाबांच्या हातात दिली. बरेच आढेवेढे घेऊन त्यांनी बटण दाबलं.

“अगं, ऐकलंस का?”

“आले, आले,” स्वयंपाकघरातून आई म्हणाली. हात पुसत दारापर्यंत आली आणि तिथेच थबकली. बाबांना काहीच नको होतं. त्यांनी पुन्हा बटण दाबलं.

आई त्यांच्याशेजारी बसली. एकेक बटण दाबून सगळी वाक्यं ऐकली. मग ठकीकडे वळून हळूच विचारलं, “यात भांडण नाही का गं?”

ठकीने नकारार्थी मान हलवली. ते तिला सुचलंच नव्हतं.

“एवढी वर्षं भांडलो,” आई म्हणाली, “त्यातलं एकसुद्धा भरून ठेवलं नाहीस?”

बाबा खांदे हलवून हसले. त्या हसण्यालाही आवाज नव्हता. आई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.