बोटीला लागलेला डिंक्या

हिवाळा उतरणीला लागून संत्र्याच्या बागेत आंबिया बहाराची पांढरी फुलं उमलू लागली, की त्या गोड, किंचित कडवट वासातून एक आवाज येत असे : टक्, टक्, टक्. विहिरीजवळच्या टिनाच्या मांडवाखाली माझी वहिनी वाकून उभी असायची. एक कान बोटीच्या अंगाला लावलेला, उजव्या हाताची बोटं मिटलेली, आणि त्या मिटल्या बोटांनी ती फायबरच्या त्या लांबट देहावर हळूहळू वाजवत पुढे सरकायची. बाजारात मडकं घेताना बायका वाजवून पाहतात, तसं. आवाज भरीव आला तर ती थांबत नसे. तो बसका आला, की तिथे कोळशाची रेघ ओढी आणि त्या जागेकडे काही वेळ नुसती पाहत राही. त्या वेळी तिच्या चेहऱ्यावर सकाळचं ऊन पडलेलं असे, आणि तिचे डोळे असे बारीक झालेले असत, जणू समोर कोरडी काळी माती नसून चकाकणारं पाणी आहे.

वहिनी याच पावसाळ्यात वारली. तिच्याबद्दल सौंसरच्या बाजारात आणि आमच्या नात्यागोत्यात जे बोललं जातं, ते खरं नाही. आणि ते तसंच राहिलं, यात माझा हात आहे. म्हणून म्हातारपणी हे लिहायला बसलो.

कुसुम वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. दादा तरुणपणी भोपाळला गेला आणि तिथल्या मोठ्या तलावावर एका क्लबात बोट चालवायला लागला. साधी बोट नव्हे. तिच्या मागे लांब दोर बांधलेला असे, दोराच्या टोकाला एक माणूस पायांत दोन फळ्या अडकवून उभा असे, आणि बोट वेगात निघाली की तो पाण्याच्या पाठीवरून घसरत यायचा. चालवणाऱ्याची नजर पुढे हवी, आणि मागचा पडला की उभा आहे हे कुणीतरी पाहायला हवं. म्हणून त्या बोटीत चालकाशेजारचं आसन उलटं असतं, मागे तोंड केलेलं. त्या आसनावर बसणारा मुलगा एकदा आजारी पडला, आणि दादाने नव्या नवरीला तिथे बसवलं. मग तीच बसू लागली. लुगड्याचा पदर कमरेला खोचून, एका हाताने कड धरून, पाठीमागे पळत जाणाऱ्या पाण्याकडे पाहत. मागचा पडला की ती हात वर करी, आणि दादा वळून न पाहता बोट फिरवी.

तो वर गेलेला हात तिच्या देहात जन्मभर राहिला. अंगणात पोर धडपडलं, की दुसऱ्या कुठल्याही बाईच्या तोंडून शब्द आधी निघाला असता. वहिनीचा हात आधी वर जायचा. बैलगाडीत ती कधी बैलांकडे तोंड करून बसली नाही. मागच्या फळीवर पाय सोडून, मागे पडणारी वाट पाहत बसायची, आणि धुळीत लहान होत जाणारी झाडं तिच्या डोळ्यांत फार वेळ टिकत. पुढे काय येतंय याची तिला फारशी उत्सुकता नव्हती. जे मागे आहे ते अजून उभं आहे ना, एवढंच तिला हवं असे.

क्लब बंद पडला तेव्हा बोट मोडीत जाणार होती. दादाने ती मागून घेतली. आपली संत्री घेऊन वर भोपाळकडे गेलेले ट्रक परतताना रिकामे येत; तशाच एका ट्रकमधून, भाताच्या तणसावर पालथी घातलेली ती बोट आमच्या बागेत उतरली. पांढरं अंग, बगलेवर केशरी पट्टा, मध्यभागी दोर बांधायच्या खांबाची लोखंडी बैठक. इंजिन तेव्हाच गेलेलं होतं. पुढे दोनच वर्षांत दादाही गेला. लेकरू नव्हतं. राहिली वहिनी, आणि राहिली बोट.

गावाने त्या दोघींना हसून आपलंसं केलं. जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला जाणारी माणसं आमच्या विहिरीवर पाणी प्यायला थांबत आणि हा डोंगा इथे कसा म्हणून विचारत. आमचा शेजारी उकंडराव त्यांना मोठ्याने सांगे, "जाम नदीत गुडघाभर पानी नाही, अन् आमची वहिनी जहाज पोसून राह्यली." वहिनीही हसायची. मग आलेल्यांपैकी एखादी बाई बोटीपाशी रेंगाळली, की तिला ते उलटं आसन दाखवायची, त्यावर बसवायची, आणि तलावाची गोष्ट सांगायची. ऐकणारी मान डोलवी आणि विहिरीकडे परतताना दुसरीला डोळ्याने खुणावी. पाटबंधारे खात्याचा जुना डोंगा नवऱ्याने भंगारात घेतला, आणि एकटेपणात या बाईने त्यावर गोष्ट रचली, असं हळूहळू सगळ्यांनी ठरवून टाकलं. सौंसरची बाई लुगड्यात बसून तलावावर असलं काही करत होती, यापेक्षा ते मानायला सोपं होतं.

तिने मात्र ती बोट सांभाळली. उन्हाळ्यात तिच्यावर ओली पोती टाकायची, पावसाळ्यात प्लास्टिकची पन्नी ताणून बांधायची. नागपूरहून कुणी येणार असलं की रेझिन आणि काचेचं कापड मागवायची, कोळशाच्या रेघा असतील तिथे ठिगळ लावायची. मग काचेच्या कुसांनी तिचे हात आठवडाभर खाजत, आणि ती खोबरेल चोळत ओसरीवर बसून राही. संत्र्यांच्या तोडीला आम्हाला कितीही जागा कमी पडली तरी बोटीत एक फळ तिने ठेवू दिलं नाही. वैशाखी पौर्णिमेला विहारात जायला ती पांढरं लुगडं नेसून निघे, तेव्हा आधी मांडवाशी जाऊन बोटीवरून एक ओला फडका फिरवी. पहाटेच्या त्या उजेडात पांढऱ्यावर पांढरं असं काही हलताना दिसे, आणि बाई कुठली नि बोट कुठली, ते क्षणभर कळत नसे.

एका पावसाळ्यात तिचा तिगावचा भाऊ आजारी पडला आणि ती माहेरी गेली. बोटीवर लक्ष ठेवा, एवढं मला सांगून गेली. पावसाची झड लागली, वाऱ्याने पन्नी फाटली, बोटीत पाणी साचून राहिलं. ऊन पडल्यावर मी पाहायला गेलो, तर बोटीच्या पाठीमागच्या सपाट भागावर आणि खालच्या अंगाला फोड आलेले. एक फोड नखाने फोडला. आतून चिकट, आंबूस वासाचं पाणी आलं.

संत्र्याच्या बागेत हयात गेलेल्या माणसाला याचा अर्थ एकच कळतो. बुंध्यातून चिकट गळायला लागलं, की तो डिंक्या; आणि डिंक्यावर इलाज सगळ्यांना पाठ असतो. मी धारदार चाकू घेतला. झाडाची सडकी साल खरवडावी तसे फोड खरवडले, खालचा कोरा थर लागेपर्यंत. लाल औषधाने धुतलं. मोरचूद आणि चुन्याची बोर्डो पेस्ट कालवली आणि बुंध्याला फासतो तशी सगळीकडे जाड फासली. आपल्या हातून कुणाचं भलं झालं की अंगात हलकेपणा येतो, तसा तो येऊन मी घरी गेलो.

मागच्या भागावर, उजव्या कोपऱ्यात, काही इंग्रजी अक्षरं आणि आकडे होते. रंगवलेले नव्हते, फायबरच्याच अंगातून उठून आलेले. त्यांच्याभोवतीच फोड जास्त होते. चाकूखाली ते मला लागले, डोळ्यांना दिसले. कोरड्या जमिनीवर नंबराचं काय काम, असं मनात आलं आणि फोडांबरोबर तेही खरवडून टाकले.

वहिनी परतली तेव्हा बोट आमच्या संत्र्याच्या झाडांसारखी कमरेपर्यंत निळसर पांढरी झालेली होती. ती पाहतच राहिली आणि मग इतकी हसली, की तिला मांडवाच्या खांबाला धरावं लागलं. "भाऊजी, हिले आता संत्रे लागतीन का?" हसतच ती मागच्या बाजूला गेली. तिची बोटं उजव्या कोपऱ्यात फिरली, पुन्हा फिरली. हसू थांबलं.

"इथं अक्षरं होती, भाऊजी."

"मले नाही दिसली," मी म्हणालो.

का म्हणालो, ते आजही सांगता येत नाही. ती रागावली नसती. वाक्य तोंडातून निघून गेलं आणि मग ते माझं झालं. पुढची सगळी वर्षं मी त्याच्या बाजूने उभा राहिलो.

बोलून टाकायची संधी मात्र आली होती. वहिनीच्या भाच्याने तिगावहून येऊन बोटीचे फोटो मोबाईलवर कुठेतरी टाकले, आणि नागपूरचा एक माणूस ते पाहून आला. जुन्या बोटी ओळखून दुरुस्त करायचा त्याला नाद होता. अर्धा दिवस तो बोटीखाली, बोटीत, बोटीभोवती होता. वहिनी त्याच्या मागून हिंडत होती, आणि इतक्या वर्षांनी तिच्या चालण्यात पुन्हा एक तरुण घाई आली होती. शेवटी तो ओसरीवर आला. म्हणाला, आकार जुळतो, खांबाची बैठक जुळते, उलटं आसनही आहे. पण अशा बोटींच्या नकला पुढे आपल्याकडेही झाल्या. ही खरोखर ती परदेशी बोट असेल, तर हिच्या मागच्या अंगावर नंबर असायला हवा. तो कुणी पाहिला आहे का?

ओसरीवर त्या दिवशी माझ्या नातीच्या सोयरिकीसाठी पांढुर्ण्याहून आलेले पाहुणे बसले होते. उकंडराव होता. वहिनी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत आरोप नव्हता. मागे पाण्यात कुणी उभं आहे की पडलं, हे पाहताना तिचे डोळे जसे होत असतील, तसे ते होते.

"भाऊजीनं पाह्यला असन," ती हळूच म्हणाली.

बोटीला बोर्डो फासणाऱ्या म्हाताऱ्यावर ही सगळी ओसरी हसेल, एवढंच मला त्या वेळी दिसलं. मी म्हणालो, तसं तिथे काही नव्हतं.

तो माणूस चहा पिऊन गेला. संध्याकाळी मी विहिरीवर हात धूत होतो, तेव्हा वहिनी कळशी घेऊन आली. कळशी भरून कडेवर घेतली. मग म्हणाली, "राहू द्या, भाऊजी. तुमाले तरी कसं मालूम असन." आणि माझ्या खोटेपणावर स्वतःच्या हाताने पांघरूण घालून ती घराकडे गेली.

त्यानंतर ती बोट पुसायची, वाजवायची, झाकायची. पण विहिरीवर थांबलेल्या कुठल्याही बाईला तिने ते आसन पुन्हा दाखवलं नाही. तलावाचा शब्द तिच्या तोंडी आला नाही. फुलं येण्याआधी आम्ही संत्र्याच्या झाडांचं पाणी तोडतो. झाड मुकाट्याने पानं गाळतं, आणि ते तहानेने की मनाने, ते बाहेरून कळत नाही. वहिनी तशी झाली होती. फक्त झाडांना आम्ही वेळ झाली की पाणी सोडतो. इथे ते सोडणं माझ्या एका वाक्याच्या हाती होतं, आणि मी रोज सकाळी तिला जय भीम म्हणून, तिच्या हातचा चहा घेऊन, बागेत निघून जात होतो.

ती गेली ती भर पावसात, दोन दिवसांच्या तापाने. तेरा माणसांच्या घरात तिची खोली रिकामी झाली, आणि ते ध्यानात यायला काहींना वेळ लागला.

दिवाळी झाल्यावर मी मुलाला सांगून नागपूरच्या त्या माणसाला बोलावून घेतलं. या खेपेला ओसरीवर बसलो नाही. त्याला सरळ मांडवाखाली नेलं, त्या कोपऱ्यावर हात ठेवला आणि डिंक्यापासून सगळं सांगितलं. तो हसला नाही. काय काय आठवतं, असं त्याने विचारलं. मी म्हणालो, सुरुवातीची दोन अक्षरं पक्की आठवतात, आणि ती मी काडीने मातीत काढून दाखवली. आकड्यांमधला शेवटचा नऊ होता. त्याच्या पोटात चाकूचं टोक अडकलं होतं.

मातीतल्या अक्षरांकडे तो कितीतरी वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, ज्या कारखान्याची ही बोट असावी असं त्याला पहिल्यापासून वाटत होतं, त्याच्या बोटींवर याच दोन अक्षरांनी नंबर सुरू होई. "तुम्हाला ही अक्षरं ठाऊक असायचं दुसरं कारणच नाही, काका. ही तीच बोट."

"त्या दिवशी सांगितलं असतं, तर?"

"त्या दिवशीही एवढंच पुरलं असतं."

संत्र्यांची तोड संपली की तो बोट घेऊन जाणार आहे. चांगल्या छपराखाली ठेवणार आहे, पट्टा पुन्हा केशरी करणार आहे. कुणी वापरली, कुणी जपली, असं त्याने विचारलं, तेव्हा मी दादाच्या नावाआधी कुसुम वहिनीचं नाव सांगितलं, आणि ती कुठल्या आसनावर बसायची तेही. बाजारात गेलो तेव्हा उकंडरावालाही सांगितलं. तो म्हणाला की आपण लई हसलो तिले. आता जो भेटेल त्याला सांगतो. लोक ऐकतात, मानतातही. मान्य करायला आता कुणाचंच काही जात नाही.

संध्याकाळी बागेत एकटा असतो तेव्हा वाटतं, काळ माणूस घेऊन जातो तेव्हा त्या माणसाला द्यायचा राहिलेला शब्द मात्र आपल्याच तळहातावर ठेवून जातो. मग तो साऱ्या जगाला वाटत फिरलं तरी संपत नाही, कारण तो घ्यायला पुढे येणारा हात एकच होता.