भिंत म्हणून उभे केलेले कपाट

मी एक जुने कपाट आहे, पण मधल्या काळात लोक मला भिंत म्हणू लागले होते. मित्रांनो, म्हणणाऱ्याची अक्कल किती होती ते तुम्हाला पुढे कळेलच.

एका सुताराने मला चांगल्या सागाच्या फळ्यांतून घडवले. माणूस तोंडाने फटकळ होता, पण कामात घाई करत नसे. आतले दोन कप्पे त्याने सारखे ठेवले, एक घरच्या बाईंचा आणि एक त्यांच्या नवऱ्याचा. रोज सकाळी माझ्यातून कपडे काढायला आल्या की बाई माझ्या दारावर बोटांनी टकटक करत. पलंगावर लोळणाऱ्या नवऱ्याला ती हाक असे. "उठलो, उठलो," असे तो पांघरुणातून म्हणे. उठत मात्र नसे. त्यांचा सगळा संसार असाच झाला.

मग बाई गेल्या. नवरा सकाळी स्वतःच माझ्या दारावर टकटक करी आणि थांबून राही. मी लाकूड. मी काय उत्तर देणार? शेवटी मुलगी त्याला आपल्या घरी घेऊन गेली आणि किल्ल्या पुतण्याच्या हाती पडल्या.

शहरात देशोदेशीची मुले शिकायला येत होती. या पुतण्याला एकाएकी विद्यार्थ्यांचा कळवळा आला. त्याने बैठकीच्या खोलीत प्लायवूड ठोकून तिचे तुकडे केले. झोपायच्या खोलीपर्यंत येता येता प्लायवूड संपले. मग हमालांनी धापा टाकत मला खोलीच्या मधोमध ओढले. कडेच्या फटीत त्याने पुठ्ठे कोंबले आणि हात झटकले. खोलीला दोन दारे होती, म्हणून खोल्याही दोन झाल्या. खिडकी माझ्या पाठीकडे गेली. तोंडाकडे अंधार उरला आणि तिथे एक लोखंडी कॉट माझ्या दारांना जवळजवळ चिकटवून ठेवली. एवढे डोके चालवून त्याला घाम आला होता.

पाठीकडे एक उंच मुलगी राहायला आली. तिचा देश दूरचा आणि भाषा निराळी होती. तोंडाकडे आली ती बुटकी, अंगाने किरकोळ. तिने आधी पुष्कळ घरे पाहिली होती. कुठे तिच्या स्वयंपाकाचा वास नको होता, तर कुठे फोनवर तिचे बोलणे ऐकताच रिकामी जागा भरून गेली होती. महिनाअखेर धड जागा मिळाली नाही तर शिक्षण सोडून परत ये, असे वडिलांनी बजावले होते.

"काका, कपाटाचं दार पूर्ण उघडत नाही," ती पुतण्याला म्हणाली.

"हात जातो ना आत?"

"हात जातो."

"मग? तुला काय आत राहायला जायचंय?"

"पलीकडे कोण असतं?"

"भिंतीपलीकडे? बाहेरची आहे कोणी. आपल्याला काय करायचंय?"

ती स्वतःही बाहेरचीच होती, हे त्या दगडाच्या लक्षात आले नाही. पोरीने वडिलांना फोनवर फक्त माझी दारे दाखवली. "बाबा, केवढं कपाट आहे बघा." वडील खूश झाले.

एका सकाळी कपडे काढताना तिची बोटे माझ्या दारावर आपटली. पलीकडून पाठीवर टकटक झाली. मग ते रोजचेच झाले. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण एवढे कळत होते.

आणि एका सकाळी टकटक झालीच नाही. उंच मुलीने पाठीवर वाजवून पाहिले. उत्तर नाही. मित्रांनो, ती शांतता मला ठाऊक होती. मी तिच्याबरोबर पूर्वी राहिलो आहे.

उंच मुलीने बाहेरून येऊन दार ठोठावले, तर आतून कडी. पुतण्याला फोन केला. "झोपली असेल," तो म्हणाला. "भिंत वाजवत बसू नकोस."

तिने पुठ्ठे उपसून काढले, फटीत हात घातले आणि माझी कड स्वतःकडे ओढली. माझे पाय करकरले. मीही जेवढे सरकता येईल तेवढे सरकलो. किरकोळ पोर जमिनीवर तापाने फणफणत पडली होती. डॉक्टर आले आणि ती वाचली. मला डॉक्टरांनी आणि उंच मुलीने मिळून कोपऱ्यात नेऊन लावले, कपाटासारखे.

पुतण्याने काय केले असेल? "आजारी माणसं ठेवायला हा दवाखाना आहे का?" असे म्हणून दुसऱ्याच दिवशी तो तिची जागा दाखवायला एका बापलेकीला घेऊन आला.

"ही बघा स्वतंत्र खोली. भिंत एकदम भक्कम," असे म्हणत त्याने दार उघडले.

"भिंत कुठली?" बापाने विचारले.

"ती कोपऱ्यात उभी आहे," उंच मुलगी तोडक्यामोडक्या बोलीत म्हणाली. "उघडा. आत कपडे आहेत."

बापलेक जिना उतरून गेले. पुतण्या लालबुंद झाला. "दोघी सामान आवरा."

"आम्ही आवरतो," उंच मुलगी म्हणाली. "मग कॉलेजच्या फाटकात उभं राहून सगळ्यांना तुमची भिंत सांगतो."

पुतण्याने लगेच सूर बदलला. "राहा, राहा. माझं मन मोठं आहे." ते मन माझ्या एका खिळ्याला टांगता येईल आणि खिळ्याला वजन कळणार नाही.

पोरीने वडिलांना फोन लावला. या वेळी तिने सगळी खोली दाखवली. "बाबा, माझी वेगळी खोली नव्हतीच. दोघींची मिळून एकच आहे."

वडिलांनी फोनमधून खोली न्याहाळली. "खिडकी आहे का?"

"आता आहे."

"आणि ती उंच कोण?"

"मी तापाने पडले तेव्हा हिनेच कपाट ओढलं."

"मग राहा तिथंच."

आता माझी दारे पूर्ण उघडतात. बाईंचा कप्पा बुटकीकडे आहे. मध्ये काही उरलेले नाही, तरी रोज सकाळी ती माझ्या दारावर टकटक करते. पांघरुणातून उंच मुलगी आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटते आणि उठत नाही. ती भाषा मला येत नाही. अर्थ मात्र मला पाठ आहे.

मित्रांनो, माझी धूळ पुसा किंवा राहू द्या. मला भिंत म्हणणाऱ्यांची कीव करायचीही गरज नाही. पण सकाळी कोणी टकटक केली, तर पांघरुणातून का होईना, ओ द्या.