वाक्यात घरचं माणूस

बाइंडरकाका पन्नाशीनंतर स्पॅनिश शिकायला निघाले ते नातवापायी. लेक दूरदेशी, नातवाला तिथली सोडून दुसरी भाषा येईना. मग आजोबांनीच कंबर कसली.

क्लासच्या बाईंचा एकच कडक नियम होता. उदाहरणाच्या वाक्यात घरचं माणूस घ्यायचं नाही. राजा घ्या, न्हावी घ्या. का, ते त्या सांगत नसत.

त्या दिवशी धडा होता बदल सांगणाऱ्या क्रियापदांचा. घटकाभर रागाने लाल होणं वेगळं, स्वभावच पालटणं वेगळं, शिकून डॉक्टर होणं वेगळं. आणि काही घडून गेल्यावर माणूस जसा मागे उरतो, त्याला ‘केदार्से’. काकांना राजा सुचेना, न्हावीही सुचेना. कल्पनाशक्तीच्या नावाने आनंदीआनंद! तेच क्रियापद घेऊन त्यांनी स्पॅनिशमध्ये लिहून टाकलं: माझी बायको मुकी झाली. लिहिताना हसूही आलं, कारण काकूंच्या तोंडाचा पट्टा दिवसभर चालू असे.

घरी आले, तर काकू खिडकीशी बसलेल्या. ओठ हलत होते, आवाज नव्हता. डॉक्टर म्हणाले, घशात काहीच दोष नाही.

काकांनी वही घेऊन बाईंचं घर गाठलं. वाक्य वाचून बाईंनी वही मिटली.

“सांगितलं होतं ना मी, काका!”

“चुकलं हो. खोडू का?”

“खोडून जात नाही ते. इच्छेसाठी क्रियापदाचं वेगळं रूप शिकवलंय, त्यात लिहून बघा. पण ठाम विधान करू नका. तुम्ही लिहाल तेवढंच खरं होईल, बाकीचं हातचं जाईल.”

‘ती बोलावी अशी माझी इच्छा आहे.’ काकांनी पन्नास वेळा लिहिलं. काही झालं नाही. घर खायला उठलं. काकूंची बोलणी खायलाही ते आसुसले होते. चौथ्या दिवशी त्यांना राहवेना. त्यांनी सरळ लिहिलं: माझी बायको बोलते.

स्वयंपाकघरातून आवाज आला. तोच, जरा घोगरा. काकांचे डोळे भरून आले.

“अगं, बोल! पुन्हा बोल!”

काकू भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या. त्या पुन्हा बोलल्या, वहीतल्या भाषेत. त्या भाषेचं एक अक्षर त्यांना कधी येत नव्हतं. पहिल्याच धड्यातलं वाक्य ते, काकांना लगेच समजलं.

त्या विचारत होत्या, “आपण कोण?”